रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयाला निवेदन: प्रादेशिक संचालकांच्या हातात नेमकं काय असतं?

कापूसपेठ:
नमस्कार मंडळी. आमच्या तालुका व्यापारी संघातर्फे रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयाला निवेदन द्यायचं ठरलंय. मसुद्यात पाच विषय आलेत. दोन बँक शाखा दहाची नाणी घेत नाहीत. बाजारातलं एटीएम महिन्यातले बरेच दिवस कोरडं असतं. एका सभासदाच्या दुकानाला आग लागून गल्ल्यातल्या नोटा जळाल्या, शाखेने हात वर केले. एका पतसंस्थेत बऱ्याच जणांच्या ठेवी अडकल्यात. आणि लहान उद्योगांना बँका कर्जासाठी दारातूनच परत पाठवतात.

निवेदन 'मा. प्रादेशिक संचालक' यांच्या नावे आहे. काहींचं म्हणणं, ते इथल्या सगळ्या बँकांचे वरचे साहेब, त्यांचा एक फोन गेला की काम झालं. काही म्हणतात, सगळं मुंबईत ठरतं, नागपूरला नुसते शिक्के. खरं काय? त्यांना नेमतं कोण, ते कुणाला बांधील असतात, आणि या पाचांपैकी काय काय त्यांच्याकडे मागावं?

नियमपुस्तक:
आधी पद समजून घ्या, म्हणजे निवेदनातलं काय गाळायचं ते आपोआप कळेल.

प्रादेशिक संचालक, म्हणजे बँकेच्या भाषेत आरडी, हे रिझर्व्ह बँकेचेच अधिकारी. बहुधा मुख्य महाव्यवस्थापक किंवा महाव्यवस्थापक श्रेणीचे. नेमणूक अंतर्गत असते. त्यात राज्य सरकारचा हात नाही, स्थानिक बँकांचाही नाही, आणि ते उत्तरदायी असतात मुंबईच्या केंद्रीय कार्यालयाला. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम ९ प्रमाणे पश्चिम, पूर्व, उत्तर, दक्षिण अशी चार 'स्थानिक मंडळं' आहेत, प्रत्येकी पाच सदस्यांची, केंद्र सरकारने नेमलेली. नावावरून वाटतं की आरडी या मंडळाखाली काम करतात. तसं नाही. ती मंडळं केंद्रीय मंडळाला सल्ला देण्यासाठी आहेत.

अमेरिकेच्या बातम्या वाचून काहींचा गोंधळ होतो. तिकडे फेडरल रिझर्व्हच्या बारा प्रादेशिक बँका आहेत, प्रत्येकीला स्वतःचं संचालक मंडळ आहे, ते वॉशिंग्टनच्या संमतीने अध्यक्ष निवडतं आणि त्या अध्यक्षांपैकी काही जण आळीपाळीने व्याजदरावर मत देतात. आपल्याकडे व्याजदर पतधोरण समिती ठरवते, तिचे सहा सदस्य, त्यात प्रादेशिक कार्यालयाची जागा नाही. म्हणून रेपो दर, कर्जमाफी, व्याजसवलत यातलं एकही वाक्य नागपूरच्या निवेदनात नको. त्याने खऱ्या मागण्यांचं वजन कमी होतं.

आता नागपूरला होतं काय. एक, चलन: महाराष्ट्रात रिझर्व्ह बँकेची निर्गम कार्यालयं (नोटा-नाणी चलनात आणणारी) तीनच आहेत, मुंबई, बेलापूर आणि नागपूर. देशात एकूण १९. बँकांच्या करन्सी चेस्टना (ठरावीक शाखांमधल्या, रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाणी साठवणाऱ्या तिजोऱ्यांना) नोटा-नाणी पुरवणं, खराब नोटा परत घेऊन नष्ट करणं, चेस्टची तपासणी, हे तिथून चालतं. दोन, पर्यवेक्षण: नागरी सहकारी बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांवर नजर. तीन, वित्तीय समावेशन: प्रत्येक जिल्ह्यासाठी रिझर्व्ह बँकेचा एक जिल्हा अग्रणी अधिकारी, म्हणजे एलडीओ. चार, ग्राहक संरक्षण कक्ष. शिवाय केंद्र आणि राज्य सरकारांची मुख्य खाती सांभाळणारा केंद्रीय लेखा विभाग नागपुरातच आहे. राज्याच्या तिजोरीत रोज किती शिल्लक आहे हा आकडा तिथे जुळतो. तुमच्या निवेदनाशी त्याचा संबंध नाही, पण 'नागपूरला नुसते शिक्के' म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

तुमचे पाच विषय पाच वेगळ्या टेबलांचे आहेत, त्यातलं एक तर रिझर्व्ह बँकेचं नाहीच. एकत्र लिहिलंत तर आवक विभाग ते एका विभागाकडे पाठवेल आणि बाकीचे चार तिथेच पडून राहतील. पाच पत्रं करा.

तिजोरीखाना:
जळालेल्या नोटांचं आधी, कारण तिथे उशीर आणि हाताळणी दोन्ही महागात पडतात.

शाखेने हात वर केले ते या एका बाबतीत बरोबर आहे. फाटक्या आणि मळक्या नोटा प्रत्येक बँक शाखेने बदलून द्यायच्या असतात, खातं असो वा नसो. पण अतिशय ठिसूळ झालेल्या, करपलेल्या किंवा एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेल्या, नेहमीच्या हाताळणीत तुटतील अशा नोटा शाखेने घ्यायच्याच नसतात. त्या थेट निर्गम कार्यालयाच्या दावे विभागात जातात आणि विशेष पद्धतीने तपासल्या जातात. तुमच्यासाठी ते म्हणजे नागपूर. शाखेचं चुकलं ते एवढंच, की तिने हा पत्ता सांगायला हवा होता.

सभासदाला सांगा: गठ्ठा सोडवू नका. चिकटपट्टी लावू नका, इस्त्री तर अजिबात नको. जसा आहे तसा पसरट डब्यात, खाली-वर कापूस किंवा मऊ कागद ठेवून न्या. नोटेचं मूल्य उरलेल्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि घरी सोडवताना जे कण गळतात ते त्याच क्षेत्रफळातून जातात. सोबत अर्ज, ओळखपत्र, खात्याचा तपशील. पंचनाम्याची किंवा अग्निशमन दाखल्याची प्रत असेल तर जोडा.

क्षेत्रफळाचा हिशेब नोट परतावा नियम २००९ मध्ये आहे, २०१८ ला त्यात दुरुस्ती झाली. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर शून्य, अर्धे पैसे हा प्रकारच नाही. ५० आणि त्यावरच्या नोटेला तुकडा ८० टक्क्यांहून जास्त तर पूर्ण, ४० ते ८० टक्के तर अर्धे, ४० च्या खाली काही नाही. सध्याची पाचशेची नोट १५ सेंटिमीटर बाय ६.६, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. पूर्ण पैशासाठी सुमारे ८०, अर्ध्यासाठी ४० चौरस सेंटिमीटर एका तुकड्यात हवेत. 'अखंड' हा शब्द लक्षात ठेवा, चार तुकडे जोडून ८० भरले तरी चालत नाहीत. अपवाद एक: ५० किंवा वरची नोट बरोब्बर दोन तुकड्यांत असेल, दोन्ही त्याच नोटेचे असतील आणि प्रत्येक तुकडा ४० टक्के किंवा जास्त असेल, तर पूर्ण पैसे मिळतात.

साध्या फाटक्या नोटांसाठी नागपूरला जायची गरज नाही. मळक्या नोटा दिवसाला २० नग आणि ५,००० रुपये मूल्यापर्यंत शाखेने काउंटरवर फुकट बदलून द्यायच्या. त्यापुढे पावती देऊन घेऊ शकतात, शुल्कही लावू शकतात. फाटक्या नोटा पाचपेक्षा जास्त आणि मूल्य ५,००० च्या वर असेल, तर चेस्ट असलेल्या शाखेत जावं लागतं. मुद्दाम कापलेली नोट आणि जिच्यावर राजकीय मजकूर किंवा घोषणा आहे अशी नोट, दोन्हींचा दावा फेटाळला जातो, मग क्षेत्रफळ पूर्ण का असेना.

कापूसपेठ:
फार उपयोगी. नाण्यांचं आणि एटीएमचं कुणी सांगेल का? आरडी बँकेला दंड करू शकतात का?

तिजोरीखाना:
दंड होतो, पण करणारे आरडी नसतात, हा बारकावा समजून घ्या.

एटीएमसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून योजना आहे: महिनाभरात एटीएममध्ये रोख नसण्याचा वेळ एकूण १० तासांच्या वर गेला, की त्या एटीएममागे सरसकट १०,००० रुपये. दंड प्रादेशिक कार्यालयाचा निर्गम विभाग लावतो, आणि बँकेला तो मान्य नसेल तर ती महिन्याच्या आत आरडी किंवा प्रभारी अधिकाऱ्यांकडे अपील करते. नोटा-नाणी बदलून न देणाऱ्या शाखांच्या आणि चेस्टमधल्या त्रुटींच्या दंडालाही हीच पायरी. म्हणजे तुमच्या प्रकरणात आरडी हे अपिलात बसणारे अधिकारी आहेत. तक्रार निर्गम विभागाला उद्देशून लिहा, आरडींना प्रत द्या. उलटं करू नका. आणि नाण्यांच्या बाबतीत शाखा अपिलात जाऊन 'माणूस नवा होता', 'माहिती नव्हती', 'आता सुधारणा केली' असं म्हणाली तर ती कारणं विचारात घेतली जात नाहीत, हे योजनेतच लिहिलेलं आहे. त्यामुळे तारीख-वेळेसह नीट केलेली तक्रार सहसा वाया जात नाही.

एटीएमच्या तक्रारीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'एटीएम नेहमी बंद असतं' असं लिहिणं. बंद दोन कारणांनी असतं: रोख संपली, किंवा लिंक नाही, यंत्र बिघडलं, वीज नाही. ही योजना फक्त पहिल्या कारणाला लागू आहे. बँका दर महिन्याला यंत्रातूनच निघालेलं विवरण देतात, तुमची नोंद त्याच्याशी पडताळली जाते. म्हणून वही घाला: एटीएमचा क्रमांक (यंत्रावर चिकटवलेला असतो), तारीख, तास-मिनिटं, पडद्यावर काय संदेश आला, रोख नसल्याची पावती निघाली असेल तर ती. सकाळी दहाला रोख नाही आणि रात्री आठला नाही, अशा दोन नोंदी एका दिवसाच्या असल्या की मधला वेळ सिद्ध करायला सोपं जातं. व्हाइट लेबल एटीएम (बँकेचं नव्हे, खासगी कंपनीचं) असेल तरी हरकत नाही, तिथे दंड रोख पुरवणाऱ्या बँकेवर जातो.

नाणी. दहाच्या नाण्याचे १४ नमुने चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं. रुपयाचं चिन्ह असलेली आणि नसलेली, दोन्ही वैध. १४४४० वर मिस्ड कॉल दिला की उलट फोनवर हीच माहिती ऐकवतात, बाजारात वाद झाला तर तिथल्या तिथे लावून दाखवा. शाखेने नाणी खात्यात जमा करून घ्यायचीच असतात. एक आणि दोनची असतील तर शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्या करून न्या, मग 'मोजायला वेळ नाही' ही सबब उरत नाही. मात्र तुमच्याच सभासदांपैकी किती दुकानदार दहाचं नाणं नाकारतात तेही तपासा. गिऱ्हाईक नाणी घेईना म्हणून दुकानदार बँकेत आणतो, बँकेचा चेस्ट भरलेला, ती घेईना, असं हे चक्र असतं आणि ते फक्त बँकेच्या टोकाने सुटत नाही.

सहकारवाचक:
पतसंस्थेचं पत्र नागपूरला पाठवूच नका. महाराष्ट्रात ही गल्लत इतकी होते की सविस्तर लिहितो.

पतसंस्था ही बँक नाही. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली असते आणि तुमचा अधिकारी म्हणजे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक. अनेक राज्यांत पसरलेली 'मल्टिस्टेट' असेल तर दिल्लीचे केंद्रीय निबंधक. दोन्हींवर आरडींचा काडीचाही अधिकार नाही, आणि ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांचं संरक्षणही पतसंस्थेला नाही. ते फक्त बँकांना आहे. पासबुकावर 'बँक' शब्द आहे का, पाटीवर परवाना क्रमांक आहे का, हे आधी पाहा. नागरी सहकारी बँक निघाली तर चित्र पूर्ण बदलतं: निर्बंध बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ए खाली लागतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर विम्याचे पैसे साधारण ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे.

पतसंस्थेने ठेवी बुडवल्या असतील तर ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे एमपीआयडी कायदा १९९९ प्रमाणे, पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. मालमत्ता जप्तीची तरतूद त्यात आहे, आणि ठेवीदारांनी एकत्र, पावत्यांच्या प्रती आणि रकमेच्या तक्त्यासह तक्रार दिली तर काम पुढे सरकतं. सुटे अर्ज वेगवेगळ्या दिवशी दिले की प्रत्येकाचा जबाब वेगळा, आकडे जुळत नाहीत आणि तिथेच महिने जातात.

रिझर्व्ह बँकेचा यात एकच धागा आहे. अनधिकृत ठेवी गोळा करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला राज्यस्तरीय समन्वय समिती आहे. तिचे अध्यक्ष राज्याचे मुख्य सचिव असतात, काम रिझर्व्ह बँकेचं प्रादेशिक कार्यालय पाहतं, आणि पोलीस, निबंधक, सेबी सगळे एका टेबलावर येतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'सचेत' पोर्टलवर नोंद केली की ती योग्य यंत्रणेकडे पाठवली जाते. नोंद जरूर करा, पण एमपीआयडीच्या तक्रारीऐवजी नव्हे, तिच्यासोबत.

अग्रणी:
नियमपुस्तक यांनी कर्जाच्या विषयावर काही लिहिलं नाही. आरडींचं खरं वजन माझ्या मते तिथेच आहे, म्हणून लिहिते.

आरडी कुठल्याही बँकेला 'अमक्याला कर्ज द्या' असं सांगू शकत नाहीत, सांगूही नये. पण अध्यक्ष म्हणून ते ज्या खुर्च्यांवर बसतात त्या पाहा. एमएसएमईसाठी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी, प्रत्येक प्रादेशिक कार्यालयात आरडींच्या अध्यक्षतेखाली अधिकारप्राप्त समिती असते. त्यात राज्यस्तरीय बँकर्स समितीची निमंत्रक बँक, मोठं कर्जवाटप असलेल्या दोन बँकांचे वरिष्ठ, लघु उद्योगांसाठीची वित्तसंस्था सिडबी, राज्याचा उद्योग विभाग आणि उद्योजक संघटनांचे प्रतिनिधी असतात. नागरी सहकारी बँकांच्या कृती दलाचंही अध्यक्षपद आरडींकडे असतं. जो आरडी या बैठका वेळेवर घेतो, मागच्या बैठकीतल्या मुद्द्यांची तड लावल्याशिवाय पुढे जात नाही, त्याच्या भागात शाखा व्यवस्थापक अर्ज परत करताना दोनदा विचार करतात. जो बैठक उरकतो, तिथे इतिवृत्त फाइलला लागतं आणि संपतं. पद तेच, अधिकार तेच, फरक माणसाच्या पाठपुराव्याचा. म्हणून 'सगळं मुंबईत ठरतं' हे मला मान्य नाही.

पण समितीपुढे जायला पुरावा लागतो, आणि 'दारातून परत पाठवतात' याचा पुरावाच नसतो. लहान उद्योगाच्या कर्जअर्जाची पोच देणं बँकेला बंधनकारक आहे, पोचपावतीवर आणि अर्जावर अनुक्रमांक हवा. सूक्ष्म व लघु उद्योगाच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित आहे, नकार असेल तर कारणासह लेखी. सभासदांना सांगा, काउंटरवर बोलून परत यायचं नाही. अर्ज द्या, पोच घ्या. शाखा पोच देत नसेल तर त्याच दिवशी ऑनलाइन अर्ज करा किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. असे पंधरा-वीस अर्ज, प्रत्येकाचा अनुक्रमांक, तारीख, रक्कम, पुढे काय झालं, एवढा एक तक्ता तुमच्या पाच पानी निवेदनापेक्षा जास्त काम करेल.

तक्ता आधी जिल्ह्यात द्या. जिल्हा सल्लागार समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, निमंत्रक अग्रणी बँकेचा (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेचा) जिल्हा व्यवस्थापक, म्हणजे एलडीएम. त्याच टेबलावर रिझर्व्ह बँकेचा एलडीओ बसतो. एलडीएम आणि एलडीओ ही दोन वेगळी माणसं आहेत, अर्ज चुकीच्या माणसाला जाण्याचं हे नेहमीचं कारण. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या १९६९ च्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरूनच ही अग्रणी बँकेची कल्पना मांडली होती, आणि आजही जिल्ह्यातच सुटू शकणारं प्रकरण नागपूरला नेलं की ते उलट टपाली जिल्ह्यातच येतं. कर्ज-ठेव गुणोत्तरही (जिल्ह्यातल्या ठेवींच्या किती टक्के कर्ज जिल्ह्यात दिलं गेलं) विचारा. ते ४० टक्क्यांखाली असलेल्या जिल्ह्यासाठी विशेष उपसमिती नेमावी लागते. तुमचा जिल्हा त्यात असेल तर तो मुद्दा पत्राच्या पहिल्या ओळीत घ्या.

मांडवीकाठ:
गोव्यातून विचारतोय. घरातल्या वयस्कर मावशींच्या ट्रंकेत दोन हजारच्या चार नोटा सापडल्या. पणजीत रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहे, तिथे घेतील का?

तिजोरीखाना:
नाही. पणजीचं कार्यालय निर्गम कार्यालय नाही, १९ च्या यादीत ते येत नाही. दोन हजारच्या नोटा १९ मे २०२३ ला मागे घ्यायचं जाहीर झालं, बँक शाखांत ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत घेतल्या, त्यानंतर फक्त त्या १९ ठिकाणी. तुम्हाला बेलापूर किंवा मुंबई जवळ. प्रवास नको असेल तर भारतीय टपालाने कुठल्याही निर्गम कार्यालयाला पाठवता येतात: रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा अर्ज, ओळखपत्राची प्रत, खात्याचा तपशील. पैसे भारतातल्या खात्यातच जमा होतात. खातं मावशींच्या नावाचं असू द्या, पाठवणाराही त्यांच्याच नावाने. नोटा अजूनही वैध चलन आहेत, घाबरायचं कारण नाही.

कापूसपेठ:
पतसंस्थेचा विषय काढला, बाकी चार पत्रं वेगळी करतोय. एकच शंका: शाखेविरुद्ध बँक ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही संघातर्फेच जाता येईल का? आणि लोकपाल आरडींच्या हाताखाली असतात का?

नियमपुस्तक:
लोकपाल आरडींच्या हाताखाली नाहीत. त्यांचा निर्णय आरडी बदलू शकत नाहीत, अपील केंद्रीय कार्यालयातल्या अपील प्राधिकाऱ्यांकडे जातं.

संघाने सगळ्यांची मिळून एक तक्रार करू नका. एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार ज्याची त्याने करायची असते, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या प्रतिनिधीने. वकिलामार्फत चालत नाही. आधी बँकेला लेखी तक्रार, तिची पोच, मग ३० दिवस थांबणं. ती पोच नसल्यामुळेच अनेक तक्रारी पहिल्या चाळणीत बाद होतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींसाठीच्या सीएमएस पोर्टलवर, किंवा टपालाने तिच्या चंदीगडच्या केंद्रात, मराठीत लिहिलं तरी चालतं. चौकशीसाठी १४४४८.

५० कोटींपेक्षा कमी ठेवींच्या बिगरअनुसूचित (रिझर्व्ह बँक कायद्याच्या अनुसूचीत नाव नसलेल्या) नागरी सहकारी बँका या योजनेत येत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार मात्र नागपूरच्याच ग्राहक संरक्षण कक्षाकडे जाते. तुमच्या दोन शाखांपैकी एखादी अशी असेल तर तिचं पत्र तिकडे वळवा, आणि पाकिटावर विभागाचं नाव लिहा, नुसतं 'रिझर्व्ह बँक, नागपूर' नको.

अग्रणी:
आणि प्रत्येक पत्रावर एकच विषय, एकाच माणसाचा फोन. दोन आठवड्यांनी त्या विभागाचा आवक क्रमांक मागून घ्या. पुढच्या जिल्हा सल्लागार समितीच्या विषयपत्रिकेत तो क्रमांक एलडीएमकडून घालून घेता येतो.